बंदराच्या पाण्यातली शांतता मोजायची कशी?

प्रश्न असा आला आहे: बंदरातला धक्का लांबवायचं काम निघालं आहे. आधीच्या पाहणी अहवालात पाण्याखालचा आवाज "सरासरी ११८ डेसिबल" असल्याची नोंद आहे. बंदर मुळातच गोंगाटाचं असल्याने नव्या कामाचा जलचरांना वेगळा त्रास होणार नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला आहे. ११८ डेसिबल म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज, मग तिथे मासे राहतात तरी कसे? त्यांना सवय झाली असेल का? आणि सुनावणीत उभं राहून नेमकं काय विचारायचं?

पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून ऐकण्याचं काम मी २० वर्षं करतो आहे, त्यातलं बरंचसं बंदरांमध्येच. अहवालातला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि अडचण त्या ११८ या आकड्यातच आहे. म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

डेसिबल हे किलो किंवा मीटरसारखं माप नाही, ती तुलना आहे. हवेतला आवाज २० मायक्रोपास्कल दाबाशी ताडून सांगतात, पाण्यातला १ मायक्रोपास्कलशी. नुसत्या या फरकामुळे पाण्यातला आकडा २६ने फुगतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट असतं आणि ध्वनी त्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या साडेचार पट वेगाने जातो. त्यामुळे तेवढीच ऊर्जा पाण्यातून नेताना दाबाचा चढउतार बराच मोठा होतो, त्याचे आणखी ३६ धरा. एकूण ६२ वजा केले की तुमचे ११८ हवेतल्या ५६च्या आसपास येतात. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेवढा हा आवाज. कानठळ्यांचा मुद्दा सुनावणीत मांडू नका; समोरचा जाणकार असेल तर तो एका वाक्यात तुम्हाला खाली बसवेल.

पण म्हणून आवाज निरुपद्रवी ठरत नाही. ही वजाबाकी ऊर्जेची आहे, कानाची नाही. माशाला काय ऐकू येतं आणि काय ऐकू येईनासं होतं, याबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही.

आता "सरासरी" या शब्दाकडे या. तीन बंदरं डोळ्यांपुढे आणा. पहिल्यात दिवसरात्र एकसारखा ११८ डेसिबल आवाज आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळ १०० डेसिबल असतो, पण दर २० मिनिटांनी एखादा टग (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) किंवा फेरीबोट जाते आणि २ मिनिटं आवाज १२८वर चढतो. तिसऱ्यात नेमक्या तितक्याच फेऱ्या आहेत, फक्त त्या सगळ्या दिवसातल्या सलग २ तास २४ मिनिटांत उरकतात आणि उरलेले साडेएकवीस तास १००वर जातात. ऊर्जेची सरासरी काढली तर तिन्ही बंदरांचं उत्तर एकच येतं: ११८. आकडेमोड स्वतः करून पाहा. १२८ म्हणजे १००च्या ६३० पट ऊर्जा. दिवसाच्या दहाव्या हिश्श्यात एवढी ऊर्जा आली की बाकीचा नऊ दशांश दिवस सरासरीत दिसतसुद्धा नाही.

पाण्यात राहणाऱ्याला मात्र ही तीन वेगवेगळी जगं आहेत. पहिल्यात शांतता नाहीच. दुसऱ्यात ती १८ मिनिटांच्या तुकड्यांत मिळते. तिसऱ्यात जवळपास अख्खा दिवस मोकळा आहे. तुमचं बंदर यांतलं कोणतं, हे अहवाल सांगत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. आवाज किती, याच्या जोडीला शांततेच्या फटी किती लांबीच्या आहेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पडतात, हे मोजलं पाहिजे. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

फटीची लांबी इतकी महत्त्वाची का, ते एका रात्रीवरून सांगतो. होडीचं इंजिन बंद करून, नांगर टाकून मी हेडफोन लावून बसलो होतो. वारा पडलेला, भरती पुरी होत आलेली. पाण्याखाली सगळ्यात आधी ऐकू येते ती बारीक, अखंड तडतड, वाळक्या काटक्या पेटल्यासारखी. ती टिचकी कोळंबीची. हिचा एक नांगा मोठा असतो. तो इतक्या जोरात मिटतो की पाण्याच्या झोतात पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना टिचकी वाजते. आवाज नांग्यावर नांगा आपटल्याचा नसून बुडबुडा फुटण्याचा आहे, हे २००० साली अतिवेगवान चित्रीकरणातून सिद्ध झालं. या तडतडीच्या खाली, खर्जात, माशांचे हुंकार सुरू होते. एक करायचा, दुसरा उत्तर द्यायचा, मग पाच-सहा मिळून एक लय धरायचे. तेवढ्यात लांबून टग निघाला. तो डोळ्यांना दिसायच्या बऱ्याच आधी हेडफोनमध्ये त्याची घरघर आली, वाढत गेली आणि हुंकार तिच्यात बुडाले. टग गेला, घरघर विरली, कोळंबीची तडतड पुन्हा वर आली, पण हुंकार आले नाहीत. मी घड्याळाकडे बघत होतो. पहिला हुंकार यायला दहा-बारा मिनिटं लागली आणि लय जमायला त्याहून जास्त. ती जमते न जमते तोच टग परत आला.

दुसऱ्या बंदरातली १८ मिनिटांची फट कागदावर भरपूर वाटते. पुन्हा गायला लागायलाच त्यातली दहा-बारा मिनिटं जात असतील, तर हाती काय उरतं ते बघा.

ऐकणारे कोण आहेत, हेही अहवालात क्वचितच असतं. "जलचर" या एका शब्दात फार वेगवेगळे कान कोंबलेले असतात. बहुतेक माशांना १ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, खालचंच ऐकू येतं. हेरिंगच्या कुळातले काही मासे याला अपवाद आहेत. अमेरिकन शॅड १८० किलोहर्ट्झपर्यंतच्या ध्वनीला प्रतिसाद देतो असं १९९७ साली दाखवलं गेलं. डॉल्फिन १५० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात. पॉर्पॉइज हा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद १३० किलोहर्ट्झच्या आसपास टिकटिक करून, तिच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. खेकडे, माखल्या आणि स्क्विड यांना आपल्यासारखे कान नसतात. तोल सांभाळणाऱ्या एका पोकळीतला बारीक खडा आणि त्याभोवतीचे केस यांवर त्यांना पाण्याची हालचाल कळते. माशाच्या कानातही चुन्याचे खडे असतात. ध्वनी जाताना पाण्याचे कण मागेपुढे हलतात, त्यांच्याबरोबर माशाचं शरीरही हलतं, जड खडा किंचित मागे राहतो आणि त्या फरकातून मासा ऐकतो. म्हणजे बहुतेक मासे आणि खेकडे मुळात कणांची हालचाल टिपतात, तर आपला हायड्रोफोन दाब मोजतो. खोल समुद्रात एकावरून दुसऱ्याचा हिशेब लावता येतो. बंदरात, जिथे पृष्ठभाग, तळ आणि धक्क्याची भिंत सगळं जवळजवळ असतं, तिथे तो साधा हिशेब चालत नाही. वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, असलेला मासा दाबही काही प्रमाणात ओळखतो. तळाला चिकटून राहणारे, वाताशय नसलेले मासे आणि खेकडे यांच्यासाठी दाबाचा आकडा ही अर्धीच माहिती आहे.

आता उथळ पाण्याकडे वळतो. इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण बंदरांबद्दलच्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात.

१०० हर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातली तरंगलांबी १५ मीटर असते. पाणीच ८ मीटर खोल असेल तर एवढी लाट त्यात नीट मावत नाही. ती लांब जात नाही, उगमाजवळच तळात मुरून संपते. वाळूचा तळ आणि ८ मीटर पाणी असेल तर ही मर्यादा ढोबळमानाने १०० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्याखालचा आवाज पुढे सरकत नाही. युरोपीय संघाच्या सागरी धोरणात जहाजांच्या सततच्या आवाजासाठी ६३ आणि १२५ हर्ट्झ हे दोन पट्टे ठरवले आहेत, आणि जगभरचे अहवाल तेच उचलतात. मोठ्या जहाजांसाठी आणि खोल पाण्यासाठी ते ठीकच आहेत. पण ८ मीटरच्या बंदरात ६३ हर्ट्झचा पट्टा मोजून "आवाज कमी आहे" म्हणणं म्हणजे बंद दाराला कान लावून आत कोणी नाही असं ठरवणं. तिथला खरा गोंगाट वर, काही शे हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत असतो, आणि लहान होड्या, टग, जेट स्की नेमक्या तिथेच बोलतात.

माशांना हे पाण्याचं गणित आपल्या फार आधीपासून माहीत आहे. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या सॉसालिटो इथे तरंगत्या घरांत राहणाऱ्या लोकांची झोप एका रात्रभरच्या गुणगुणीने उडाली होती. सांडपाण्याच्या पंपापासून नौदलाच्या गुप्त प्रयोगापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. निघाला तो मिडशिपमन नावाचा मासा. याचा नर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात दगडाखाली घर करतो आणि वाताशयाचे स्नायू थरथरवत, १०० हर्ट्झच्या आसपास, तासभरसुद्धा न थांबता मादीला बोलावतो. तिथल्या उथळ पाण्यात मूळ स्वर फार लांब जात नाही, त्याच्या वरचे २००, ३००, ४०० हर्ट्झचे उपस्वर जातात. विणीच्या हंगामात मादीच्या शरीरातले संप्रेरक बदलतात आणि तिचा कान नेमक्या याच उपस्वरांसाठी तीक्ष्ण होतो. उथळ पाण्यातून जी एक खिडकी उघडी राहते तिच्यातूनच ही जात एकमेकांना साद घालते, आणि होडीचं इंजिन त्याच खिडकीत येऊन बसतं. ध्वनी असा झाकला जाणं, हाच बंदरातल्या आवाजाचा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात न दिसणारा परिणाम आहे. कोणी मरून वर तरंगत नाही. साद पोचत नाही, एवढंच.

तुमच्या कामात धक्क्यापुढचा गाळ काढून खोली वाढवायची असेल, तर आवाज पुढे जाण्याची ती १०० हर्ट्झची मर्यादाही खाली सरकते. ८ मीटरची खोली १४ मीटर झाली तर ती १००वरून साठाच्या आत येईल. आजवर बाहेरच अडणारी जहाजांची खर्जातली घरघर मग खोल केलेल्या वाटेने आतपर्यंत येऊ लागते. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचा आवाज काही महिन्यांत जातो, खोली मात्र राहते. एवढ्या अहवालांत मी हा मुद्दा कुठेच वाचलेला नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

सवयीच्या प्रश्नाला "हो" म्हणावं लागेल, पण त्या "हो"चा अर्थ सोयीचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्क्विडना खांब ठोकण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. पहिल्या ठोक्यांना ते दचकले, रंग बदलले, झटक्याने पळाले, शाईही सोडली. मिनिटभरात प्रतिक्रिया ओसरली. सवय झाली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तोच आवाज लावला, तर पुन्हा पहिल्यासारखेच दचकले. शिवाय न पळणं म्हणजे त्रास नसणं नव्हे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ, प्लिमथ आणि ग्रेव्ह्‌जएंड या बंदरांत टिपलेला जहाजांचा आवाज किनारी खेकड्यांना ऐकवला, तेव्हा ते जागेवरच बसून राहिले, पण त्यांचा प्राणवायूचा वापर वाढला, मोठ्या खेकड्यांचा जास्त. खाता खाता ते थांबत होते आणि धोका दिसल्यावर आडोशाला जायला उशीर करत होते. युरोपीय ईल (वाम) माशांवरचा २०१५चा प्रयोगही बंदरातल्या ध्वनिमुद्रणावरच केलेला आहे. जहाजाचा आवाज चालू असताना दबा धरलेल्या शिकाऱ्याच्या हालचालीला दचकण्याची शक्यता निम्म्यावर आली, आणि जे दचकले तेही २५ टक्के उशिरा. धक्क्यावर उभं राहून पाण्यात बघणाऱ्याला हा ईल अगदी सुखरूप दिसला असता.

जागा न सोडण्याचं आणखी एक कारण असतं: जायला दुसरी जागाच नसते. खाद्य इथे, वीण इथे, आडोसा इथे. पॉर्पॉइज मोकळ्या समुद्रात खांब ठोकण्याच्या आवाजापासून वीसेक किलोमीटरपर्यंत पांगतात, कारण त्यांना पांगता येतं. तळाच्या दगडात घर केलेल्या माशाला ते शक्य नाही.

आणि काही जीवांना हा आवाज हवासा वाटतो, याची नोंद बंदर चालवणाऱ्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी तरी घ्यावी. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या जनरेटरचा आवाज ऐकवल्यावर हिरव्या शिंपल्यांची पिल्लं लवकर चिकटून बसतात, हे न्यूझीलंडमधल्या संशोधनात दिसलं आहे. जहाजाच्या तळाला धरणारे इतर जीवही असेच ओढले जातात. जहाज धक्क्याला गुरगुरत उभं राहतं आणि स्वतःच्या बुडावर शिंपल्यांसारख्या जिवांना बोलावून घेतं.

बंदरात कोण किती बोलतं, हे थोडक्यात सांगतो. जहाज पुढे ढकलणारा पंखा पाणी इतक्या जोरात कापतो की त्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात. जहाजाचा बराचसा आवाज हाच. वेग कमी केला की तो झपाट्याने घटतो, १६ नॉट्सवरून (ताशी सागरी मैल) ११वर आलं तर ढोबळमानाने १० डेसिबलपर्यंत. मात्र ज्यांच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो अशा काही जहाजांत वेग कमी केला तरी पंखा तितक्याच फेऱ्यांनी फिरत राहतो आणि ती हळू जाताना उलट जास्त गोंगाट करतात. म्हणून "वेगमर्यादा घाला" एवढं पुरत नाही, कोणत्या जहाजांना, हे बघावं लागतं. टग आकाराने लहान असला तरी पूर्ण जोर लावून ओढत असतो, त्यामुळे बंदरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजांपैकी एक त्याचा असतो. जहाज धक्क्याला लावताना चालणारे थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे छोटे पंखे, तसेच. उभ्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली तर जनरेटर बंद करता येतो. हे धुरासाठी केलं जातं, पण पाण्यालाही तेवढीच उसंत मिळते. धक्क्याला बांधून झाल्यावरही खोली मोजणारं इको साउंडर चालूच ठेवण्याची सवय तर फुकटात सुटण्यासारखी आहे. ५० किलोहर्ट्झची ती टिकटिक माणसाला ऐकू येत नाही, डॉल्फिनला आणि पॉर्पॉइजला येते.

धक्क्यासाठी खांब ठोकणं हा वेगळाच प्रकार. आतापर्यंतचा सगळा आवाज झाकणारा आणि थकवणारा होता. हा इजा करतो. पोलादी खांबावर घण पडतो तेव्हा जवळच्या पाण्यात दाबाचं शिखर २०० डेसिबलच्या वर जातं आणि वाताशय असलेल्या माशाला आतून मार बसतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या बांधकामाआधी २००० साली चाचणीचे खांब ठोकले तेव्हा मासे मेलेले आढळले, आणि त्यानंतर तिथे बुडबुड्यांचे पडदे लावले गेले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००८पासून माशांसाठी २०६ डेसिबल शिखराची मर्यादा कामचलाऊ म्हणून वापरतात. जर्मनीत समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या खांबांसाठी ७५० मीटर अंतरावर एका ठोक्याची ध्वनिमात्रा (त्या ठोक्याची एकूण ऊर्जा) १६० आणि शिखर १९० डेसिबलच्या आत ठेवावं लागतं. अहवालात "१२० डेसिबलपेक्षा कमी, म्हणून सुरक्षित" असं वाक्य असेल तर सावध राहा. तो १२०चा आकडा अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांचं वर्तन सततच्या आवाजाने बदलण्यासाठी धरतात; मासे आणि खेकडे यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि घणाच्या ठोक्याशी तर मुळीच नाही.

बुडबुड्यांचा पडदा म्हणजे तळावर भोकं पाडलेली नळी खांबाभोवती गोल अंथरून तिच्यातून दाबाने हवा सोडणं. चांगला लावला तर १० डेसिबल किंवा थोडा जास्त फरक पडतो. जोराच्या भरती-ओहोटीत बुडबुडे वाहून जातात आणि पडद्याला एका बाजूने भगदाड पडतं. शिवाय खांबातून जमिनीत उतरलेला हादरा पडद्याच्या खालून जाऊन पुढे पाण्यात वर येतो, त्याला बुडबुडे अडवत नाहीत. म्हणून "पडदा लावणार आहोत" या उत्तरावर थांबू नका. खांब दाबून बसवता येतील का, निदान थरथरवून खाली नेता येतील का, आणि घण फक्त शेवटच्या काही फुटांना वापरता येईल का, हे आधी विचारा. थरथरवण्याचा आवाज शिखराला खूपच कमी असतो, पण तो सलग असतो, म्हणजे इजा टळते, पण साद झाकली जाण्याचं प्रमाण वाढतं. तिथेही शेवटी फटींचाच हिशेब येतो: रोज किती तास, आणि कोणते.

हे तास हलवता येतात, आणि त्याचा उपयोग होतो, याबद्दल माझी खात्री आहे. आवाजाचा एक गुण बहुतेक प्रदूषणांत नाही: उगम थांबला की तो काही सेकंदांत नाहीसा होतो, मागे काही साचून राहत नाही. सप्टेंबर २००१मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर जहाजवाहतूक थंडावली, तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी आढळली. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कामांसाठी झालेल्या होत्या. त्या एकमेकांशेजारी ठेवून अभ्यास प्रसिद्ध झाला तो २०१२ साली. कॅनडाच्याच व्हॅंकुव्हर बंदराने २०१७पासून हारो सामुद्रधुनीत जहाजांना स्वेच्छेने वेग कमी करायला सांगितलं, ओर्का व्हेलसाठी, आणि त्याच वर्षी शांत जहाजांना बंदर शुल्कात सवलतही सुरू केली. सक्ती नसूनही बहुतेक जहाजांनी साथ दिली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जहाजांच्या आवाजाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ची, सुधारून २०२३ची, तीही ऐच्छिकच. त्यामुळे खऱ्या नाड्या बंदरांच्याच हातात आहेत: कोणाला केव्हा आत घ्यायचं, टग केव्हा हलवायचे, काम कोणत्या तासांत चालवायचं.

तेव्हा सुनावणीत सरासरी बाजूला ठेवायला सांगा आणि मूळ ध्वनिनोंद मागा. वेळेच्या ९० टक्के भागात ज्याच्या खाली आवाज जात नाही तो आकडा, ५० टक्क्यांचा आकडा आणि १० टक्क्यांचा आकडा वेगवेगळे द्या म्हणा. ९० आणि १०च्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर तुमच्या बंदरात अजून फटी आहेत, म्हणजे गमावण्यासारखं बरंच आहे. अर्ध्या तासापेक्षा, तासापेक्षा लांब फटी दिवसात किती आणि रात्री किती, हा तक्ता मागा. ध्वनीचे पट्टे कोणते घेतले, पाणी किती खोल होतं, भरती होती की ओहोटी, हे विचारा. नोंद किती दिवसांची आहे तेही विचारा. एका आठवड्याच्या नोंदीत उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) अशा दोन्ही भरत्या येतीलच असं नाही.

हायड्रोफोन कसा बांधला होता, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. सुरुवातीच्या काळात माझी तीन आठवड्यांची नोंद मला टाकून द्यावी लागली होती. प्रवाह फिरला की एक लोखंडी कडी साखळीवर आपटायची आणि तो खणखणाट जवळच्या बोटींसारखाच दिसायचा. तरंगत्या बोयाच्या दोराला टांगलेला हायड्रोफोन प्रवाहात थरथरतो आणि खर्जात जो आवाज नोंदवतो, तो पाण्यात मुळी नसतोच. तळावर ठेवलेली चौकट, धातूच्या कड्यांऐवजी दोर, आणि अशी थरथर नोंदीतून वगळल्याचा उल्लेख, एवढं असेल तर मापनावर विश्वास ठेवा. नसेल, तर "बंदर आधीच गोंगाटाचं आहे" यातला किती गोंगाट बंदराचा आणि किती मोजणाऱ्याच्या दोराचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात आधी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच्या एका पुऱ्या विणीच्या हंगामाची नोंद मागा, रात्रींसकट. पहिला खांब उतरला की ती पुन्हा कधीच घेता येत नाही.